चिऱ्याची भिंत, कौलांचे छप्पर आणि एक माइक

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या कारापुरात घरी बसून गिटार ध्वनिमुद्रित करायची असेल तर आधी गावाच्या आवाजांचे वेळापत्रक पाठ करावे लागते. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, मागोमाग तिस्क नावाच्या नाक्यावर थांबणाऱ्या बसगाड्या, दहाच्या पुढे कुणाच्या तरी बांधकामावर चिरे कापणारे यंत्र, तिन्हीसांजेला देवळातली आरती, रात्री रातकिडे; आणि जूनपासून या सगळ्यावर पांघरूण घालणारा पाऊस. मधल्या फटींत जी चार-पाच मिनिटे सापडतात, त्यांत गाणे उरकायचे.

स्वस्त साधनांनी घरच्या खोलीत अकूस्टिक गिटारचा ऐकण्याजोगा आवाज पकडता येतो का, हा प्रश्न आता जुना झाला आहे. येतो, यावर फारसे दुमत उरलेले नाही. वाद आहे तो हाताशी असलेले थोडे पैसे आणि थोडे कष्ट कशावर घालावेत याचा. त्यात चार-पाच बाजू आहेत आणि प्रत्येकीकडे सांगण्यासारखे काही आहे. त्या सगळ्या डिचोली तालुक्यातल्या एका खोलीत बसून पाहिल्या की त्यांचे वजन थोडे बदलते. या आढाव्याचा रोख तिकडे आहे.

मागचा प्रवास

गिटार हे मुळात मऊ वाद्य. भारतात १९०२ साली ग्रामोफोन कंपनीने पहिली ध्वनिमुद्रणे केली तेव्हा गायकाला भोंग्यात तोंड घालून गावे लागे. त्या भोंग्यासमोर बोटांनी छेडलेली तार जेमतेमच उमटायची. १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, माइक आला, आणि मऊ वाद्यांना पहिल्यांदा न्याय मिळू लागला. पण माइक स्टुडिओत होता. स्टुडिओ मुंबईत होता. गोव्यात १९४६ साली ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले तरी ध्वनिमुद्रणाची यंत्रे सामान्य वादकाच्या घरी येण्याचा प्रश्नच नव्हता.

गिटारही गोव्यात सगळीकडे सारखी पोचली नाही. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, साष्टीत, चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले. मांडो या कोकणी गीतप्रकाराबरोबर गिटार घराघरांत गेली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले. इथले संगीत देवळाचे, भजनाचे, दशावताराचे: पखवाज, पेटी, घुमट, शामेळ, कासाळे. आमच्याकडच्या पोराच्या हाती गिटार येते ती बहुतेक वेळा घरात तिची काहीच परंपरा नसताना. माइक कुठे ठेवावा हे सांगणारा काका त्याला नसतो. असतो तो मोबाइल.

घरगुती ध्वनिमुद्रणाची खरी सुरुवात १९७९ ची. त्या वर्षी जपानच्या टीअ‍ॅक कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारे ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणले. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर, शूअर एसएम ५७ जातीचे दोन माइक लावून, गिटार आणि गळा भरला. तो कच्चा मसुदा होता. बँडबरोबर पुन्हा वाजवून पाहिल्यावर कच्चाच बरा वाटला आणि ‘नेब्रास्का’ म्हणून तोच प्रसिद्ध झाला.

आपल्याला त्याहून जवळचे उदाहरण आहे. पेडण्यातून शापोरा नदी ओलांडली की शिवोली. तिथे रेमो फर्नांडिस यांनी आपल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर, वाद्ये स्वतःच वाजवून, ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट भरली. ती १९८४ साली आली आणि कॅसेटी त्यांनी स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. गोव्यातल्या घरगुती ध्वनिमुद्रणाची चर्चा आजही या कॅसेटपाशी येऊन थांबते.

नंतरचे टप्पे भराभर सांगता येतात. २००० साली ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्रॅम आला, २००४ साली अ‍ॅपलचे गॅरेजबँड, त्याच दशकात साठ डॉलरचा रीपर. २०११ पासून फोकसराइटच्या लाल ‘स्कार्लेट’ पेट्या निघाल्या. माइक आणि संगणक यांच्यामधल्या या छोट्या पेटीला सगळे इंटरफेस म्हणतात. आज चांगल्या मोबाइलच्या किमतीपेक्षा कमी पैशांत माइक, इंटरफेस, स्टँड, वायर आणि हेडफोन मिळून पूर्ण संच बसतो.

माइक कोणता

सर्वांत जास्त भांडण इथे होते, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त.

एक पक्ष डायनॅमिक माइकचा. एसएम ५७ हा १९६५ पासून जवळजवळ तसाच विकला जातो. पडला, ओला झाला, भजनी मंडळाने मागून नेला तरी परत येऊन चालतो. तो समोरचेच ऐकतो, खोलीकडे जरा दुर्लक्ष करतो. अडचण अशी की त्याचा कान जड आहे. सारख्याच आवाजाला एसएम ५७ दोनेक मिलिव्होल्टदेखील देत नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा स्वस्त कंडेन्सर चौदा देतो. म्हणजे बोटांनी हळू वाजवलेली गिटार डायनॅमिक माइकने घ्यायची तर इंटरफेसचा गेन शेवटच्या टोकाला न्यावा लागतो, आणि हलक्या इंटरफेसमध्ये त्या टोकाला ‘स्स्स’ असा फुसकारा बसलेला असतो. नकली एसएम ५७ बाजारात भरपूर आहेत हा आणखी एक धोका.

दुसरा पक्ष कंडेन्सरचा. याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. तारेवर नख लागल्याचा कण, पंचमाचा हलका थरथराट, बोट सरकल्याची किरकिर, सगळे याला ऐकू येते. आणि पालीची चुकचुकही. या पक्षातले लोक माइकच्या स्वतःच्या कुजबुजीचे आकडे सांगतात: रोड एनटी १-ए चा फक्त ५ डेसिबल, एटी २०२० चा २०. कागदावर हा फरक मोठा आहे. पण शांत गावातल्या बंद खोलीतसुद्धा निव्वळ शांततेचा आवाज पंचवीस-तीस डेसिबल भरतो. पावसाळी रात्री रातकिडे आणि बेडूक मिळून तो कितीतरी वर नेतात. तिथे माइकची स्वतःची कुजबुज कोण ऐकणार? हा आकडा लंडनच्या बंदिस्त स्टुडिओत महत्त्वाचा. कारापुरात त्यासाठी जादा पैसे मोजायचे असतील तर आधी खिडकीच्या फटी पाहाव्यात.

तिसरा पक्ष मोबाइलचा, आणि त्याला हसणे आता शोभत नाही. फोनचा माइक पुरेसा चांगला असतो. घात करतो तो आतला प्रोग्रॅम. माणसाचे बोलणे स्पष्ट करण्यासाठी तो सतत चाललेला आवाज गोंगाट समजून दाबतो. गिटारची तार छेडल्यावर मागे रेंगाळणारी आस त्याला पंख्याच्या घुमारीसारखीच वाटते, म्हणून सूर मध्येच खुडल्यासारखा तुटतो. ही दुरुस्ती बंद करून, न आवळलेली वेव्ह फाइल भरणारे अ‍ॅप वापरले तर फरक लगेच कळतो. मसुद्यासाठी फोन पुरे, पक्क्या कामासाठी नाही, असे दोन्ही बाजूंचे जाणते मान्य करतात. सीमारेषा कुठे यावर मात्र एकमत नाही.

खोली, आणि खोलीतली जागा

दहा वर्षांपूर्वी ‘कोणता माइक घेऊ’ असे विचारणारा आज ‘खोलीचे काय करू’ असे विचारतो. या विषयात झालेली खरी प्रगती हीच.

आपल्याकडच्या चर्चेत ज्या खोलीचे वर्णन येते ती बहुधा परदेशातली असते: लाकडी जमीन, गालिचा, पोकळ भिंती, पडदे. आपली खोली जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. वर सिमेंटचा गिलावा, खाली लादी किंवा घोटलेला लाल कोबा. आवाजाला यातले काहीच पीत नाही. स्लॅबची नवी खोली असेल तर टाळी वाजवून पाहावी. जमीन आणि छप्पर यांच्यामध्ये ती चेंडूसारखी टणटण उडते. जुन्या कौलारू घरात असे कमी होते, कारण छप्पर उतरते आणि कौलांच्या फटींतून बराच आवाज निघून जातो. जो आवाज बाहेर जातो त्याच वाटेने बाहेरचा आत येतो, हा त्याचा तोटा.

खोली सुधारावी म्हणणारे लोक जाडी मोजतात. गोधडी, घोंगडी, कापसाची गादी हे सगळे चढे सूर पितात. हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे चौतीस सेंटिमीटर. तिला नीट अडवायला तिच्या चौथाईइतकी, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरची जाडी लागते. शंभर हर्ट्झची लाट साडेतीन मीटरची, तिला गोधडी म्हणजे काहीच नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटवण्याची पद्धत अजून दिसते. पातळ पुठ्ठा आवाज पीत नाही, धूळ मात्र छान धरतो. गाद्यांनी चढे सूर मारले आणि खर्ज तसाच राहिला की खोली बसक्या आवाजाची होते. तिच्यापेक्षा मोकळी भिंत परवडली असे वाटते.

दुसरी बाजू म्हणते, भिंतीला हात लावू नका, खुर्ची हलवा. हिच्यामागचे गणित सुरेख आहे. दोन समांतर भिंतींमध्ये दहा फूट असतील तर आपल्या हवेत त्या अंतरात सुमारे ५७ हर्ट्झचा सूर अडकतो, आणि त्याच्या दुपटीला, ११४ च्या आसपास, दुसरा. गिटारची मोकळी पाचवी तार ११० वर लागते. म्हणजे दहा फुटांच्या खोलीत नेमकी ती तार फुगते, बाकीच्या बिचाऱ्या मागे राहतात. या दुसऱ्या सुराचा दाब भिंतींपाशी आणि खोलीच्या मधोमध सर्वांत जास्त, आणि भिंतीपासून अडीच फुटांवर सर्वांत कमी. म्हणून खोलीच्या मध्यावर बसलेल्याने माइक भिंतीपासून अडीच फुटांवर आणला, तर एक पैसाही खर्च न होता ती बोंब उतरते. माइक गिटारजवळ असेल तर खोलीचा वाटा मुळातच घटतो, त्यामुळे फरक गणिताइतका दिसत नाही. पण दिसतो.

जवळ म्हणजे किती, यावर मात्र जुने-नवे सगळे बरेचसे एकच बोलतात: बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर ते दीड वीत अंतरावर, तोंड मान आणि पोट जिथे जुळतात तिकडे. नवखा माणूस माइक थेट साउंडहोलसमोर धरतो, कारण आवाज तिथून येतो असे वाटते. तिथून येते ती मुख्यतः हवेची घुमारी. घुमटाचे मडके आठवावे: एका तोंडावर कातडे, दुसरे तोंड उघडे, आणि वादक त्या उघड्या तोंडावर हाताने झाक-उघड करून घुमार बदलतो. गिटारचे पोट तसेच मडके आहे. त्यातली हवा शंभर हर्ट्झच्या आगेमागे घुमते. माइक भोकासमोर धरला की गिटारचा घुमट होतो. (घुमटाला गोवा सरकारने २०१९ साली राज्याच्या वारशाचे वाद्य ठरवले, पण म्हणून प्रत्येक गिटारीतून ते ऐकू यायला हवे असे नाही.)

जुन्या घरांना राजांगण किंवा पडवी असते, आणि तिथे बसून भरावे असे सांगणारेही आहेत. तिथे परतून येणारा आवाज जवळजवळ नसतो. गिटार कोरडी, जवळची, खरी वाटते. वारा पडलेला हवा आणि पाखरे गप्प हवीत. अशी वेळ वर्षात फार थोडी येते.

एक माइक की दोन

हा मुद्दा लवकर आटोपता येतो. दोन माइक लावले की गिटार रुंद होते, दोन्ही कानांत पसरते. अ‍ॅलन ब्लुमलाइनने १९३१ साली पेटंटसाठी अर्ज केला तेव्हापासून याच्या रीती ठरत आल्या आहेत. तोंडाला तोंड जोडून कोन केलेली जोडी चुकायला जागा देत नाही. लांब-लांब ठेवलेली जोडी जास्त ऐसपैस वाटते, पण एका माइकपर्यंत आवाज दुसऱ्यापेक्षा चौतीस सेंटिमीटर उशिरा पोचला तर तो एक मिलिसेकंद मागे पडतो आणि दोन्ही मिसळताना पाचशे हर्ट्झच्या आसपासचे सूर एकमेकांना खातात. फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणाऱ्याला मग गिटार पोकळ लागते. गाणाराच वाजवत असेल तर एक माइक पुरे, यावर बहुतेकांचे जमते. रुंदी हवीच असेल तर तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवण्याचा मार्ग आहे. त्याला माइक लागत नाही, रियाज लागतो.

पिकअपचा पक्ष आणि पावसाळा

ब्रिजखाली बसवलेला पिएझो पिकअप थेट तारांचा दाब वाचतो. माइकवाल्यांचा त्याच्यावर आक्षेप जुना आणि बरोबर आहे: जोरात छेडले की तो बदकासारखा क्वाक करतो, लाकडाचा श्वास त्यात येत नाही. वायर इंटरफेसच्या साध्या खाचेत लावली तर आवाज आणखी किरटा होतो. पिएझोला सुमारे एक मेगाओहमची, गिटारसाठी वेगळी दिलेली खाच लागते. अलीकडे माइकने घेतलेल्या आवाजाचा ठसा पिकअपच्या आवाजावर चढवणारे प्रोग्रॅम आले आहेत आणि त्यांनी हा दोष बराच झाकला जातो, असे पिकअपवाले म्हणतात. झाकला जातो, जात नाही, असे माइकवाले.

कोरड्या मुलखात हा वाद चवीचा आहे. इथे तो हंगामाचा होतो. मंगळुरी कौलांवर जुलैचा पाऊस पडत असताना माइक उघडणे व्यर्थ. पिकअपला मात्र तो पाऊस ऐकूच येत नाही. म्हणून ऑक्टोबर ते मे माइक आणि जून ते सप्टेंबर पिकअप अशी वाटणी करता येते. एखाद्या मतप्रणालीपेक्षा पंचांगाच्या जवळची ही भूमिका मला पटते.

पाऊस आवाजापुरता थांबत नाही. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती नव्वदीला टेकते. अख्ख्या लाकडाची गिटार पाणी पिऊन फुगते, पोट वर येते, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात, वरच्या फ्रेटवर सूर बिघडतो, आणि आवाज भिजल्या तबल्यासारखा बसका लागतो. प्लायच्या स्वस्त गिटारला याचा त्रास कमी. महाग ते चांगले हा नियम इथे चार महिने उलटा चालतो. कंडेन्सर माइकही दमट हवेत कधी तडतडतो, कारण त्याच्या कॅप्सूलवर ओल बसली की विजेची गळती होते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा उपाय चालतो. पुड्या वाळवून पुन्हा वापरायच्या हे लोक विसरतात.

नंतरची दुरुस्ती

चोवीस बिटांत भरणे आता सगळीकडे रूढ आहे, त्यामुळे आवाज काट्याच्या लाल टोकाला भिडवण्याची जुनी सवय सोडता येते. सर्वांत जोराचा घाव उणे बारा डेसिबलच्या आत ठेवला तरी काही हरवत नाही. दुमत आहे ते साफसफाईवर. आता यंत्रबुद्धीचे प्रोग्रॅम पंखा, घुमारी, कुत्र्याचे भुंकणे वेगळे काढतात. काही जण म्हणतात, मग खोलीची चिंता कशाला? दुसरे दाखवतात की गोंगाटाबरोबर तारेचा कडकपणाही निघून जातो.

दोन गावठी उदाहरणांनी मर्यादा कळेल. खनिजाच्या ट्रकची गडगड खाली, तीस ते ऐंशी हर्ट्झमध्ये असते. खाणी २०१२ साली थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोलीच्या रस्त्यांवरची शांतता कुणाच्या पोटावर आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. माइकपुरते बोलायचे तर ही गडगड फिल्टरने कापता येते, पण गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर लागते, त्यामुळे कात्री तिच्या अलीकडेच थांबवावी लागते. रातकिडे दुसऱ्या टोकाला. त्यांची किरकिर नेमकी त्या चढ्या पट्ट्यात बसते जिथे नखाचा कण असतो. ती कापली की गिटारला सर्दी होते. विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण मात्र प्रोग्रॅमवर सोडू नये. बहुधा अर्थिंग कच्चे असते. ते दुरुस्त केले, किंवा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवले, की ती थांबते.

काय सुटलेले नाही

‘नेब्रास्का’ आणि ‘गोवन क्रेझी’ ही दोन नावे दोन्ही बाजू वापरतात. स्वस्त साधने पुरतात म्हणणाऱ्यांना ती पुरावा वाटतात. विरुद्ध बाजू आठवण करून देते की ‘नेब्रास्का’ची ती कॅसेट तबकडीवर उतरवताना तंत्रज्ञांना फार त्रास झाला, आणि रेमो यांनी त्या यंत्राला हात लावला तेव्हा त्यांच्यामागे अनेक वर्षांचे वादन होते. दोन्ही खरे आहे. एका यशस्वी ध्वनिमुद्रणातून यंत्राचा वाटा किती आणि हाताचा किती हे वेगळे काढायची रीत अजून सापडलेली नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून माइक ओळखण्याचे प्रयोग होतात, पण बहुतेकांत वादक दर वेळी नव्याने वाजवतो. मग फरक माइकचा की बोटांचा?

खोलीच्या बाबतीतली पोकळी मोठी आहे. जी कोष्टके हाताशी येतात त्यांत विटा, काँक्रीट, जिप्सम, गालिचे असतात. गिलावा न केलेला चिरा, ज्याच्या छिद्रांत बोटाचे टोक जाते, तो आवाज किती पितो? कौलांखाली लाकडी माळा घातला तर पावसाचा आवाज किती उतरतो? यावर मते पुष्कळ ऐकू येतात, आकडे नाहीत.

आणि शेवटी पावसाचाच प्रश्न. नव्या मुलांत एक गट असा आहे की जो माइक मुद्दाम पडवीच्या बाजूला तोंड करून ठेवतो आणि पागोळ्यांसकट गिटार भरतो. जुन्या शिस्तीच्या कानाला तो बिघाड वाटतो. मी दोन्ही ऐकले आहे. पागोळ्या तालात पडत नाहीत, ही तक्रार मात्र दोन्ही गटांची आहे.